जिजाआक्कांचा पाव्हना

जिजाआक्कांनी कुणाला कधी ‘कशी आहेस’ म्हणून विचारलं नाही. माणूस दारात दिसला की पहिला प्रश्न ठरलेला, “जेवनी का वं माय?” समोर पुरुष असला तर, “जेवना का भाऊ?” पोस्टमन असो, गोसावी असो, नाहीतर भांडायला आलेली शेजारीण असो. भांडायला आलेल्या बाईला आधी जेवायला घालून मग तिच्याशी दणकून भांडताना मी त्यांना स्वतः पाहिलंय.

मी नंदुरबारला आले ती सोळा वर्षांची नवी नवरी. नवरा स्टेशनवर तारबाबू, माहेर कोकणात. ट्रंक अजून उंबऱ्यातच होती, तेवढ्यात शेजारच्या भिंतीवरून एक रुंद, सावळा चेहरा वर आला. जेवनी का, कुठली, एवढं विचारून तो खाली गेला आणि जरा वेळाने भाताची वाटी घेऊन परत आला. “भात खानारी शे ना तू? हाई ले. भाकर सोमवारपासून.” माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या म्हणाल्या, “रडू नको, मिरची नही टाकेल.”

आक्का विधवा होत्या. रनाळ्याला थोडी जमीन होती, ती वाट्याने दिलेली. हंगामात त्या व्यापाऱ्यांच्या खळ्यावर मिरचीची देठं खुडायला जात. हात कायम चुरचुरत, म्हणून चुलीशी बसण्याआधी ते ताकात बुडवून धूत. गळ्यात माळ होती. अंड्याचं टरफल अंगणात दिसलं तरी लांबून वळसा घालत. पण स्वतःचे नेम दुसऱ्याच्या पानावर त्यांनी कधी लादले नाहीत. बिनदातांच्या म्हाताऱ्याला कुस्करून, अळणी खाणाऱ्या बैराग्याला अळणी, लंगड्या शेळीला कोवळा पाला. “ज्याले जे लागस, तेच देवानं,” असं त्यांचं म्हणणं. “आपले आवडस ते देनं म्हंजे आपलंच पोट भरनं व्हयनं!”

मी आले त्याच वर्षी होळीच्या आठ-नऊ दिवस आधी एक मारवाडी तेलवाला आमच्या गल्लीत आला. सांधेदुखीवर सांड्याचं तेल विकायचा. सांडा म्हणजे वाळवंटातला सरडा, वीतभर लांब, फुगऱ्या अंगाचा आणि काटेरी शेपटीचा. पळू नये म्हणून त्याची पाठ मोडून ठेवतात आणि गिऱ्हाइकासमोर चरबी काढतात. तेलवाल्याने आक्कांच्या दाराशी भाकरी मागितली आणि खाता खाता टोपली उघडून दाखवली. एकाची पाठ अजून मोडायची होती. तो टकामका आक्कांकडे बघत होता.

“येले काय खावाले देस तू?” आक्कांनी विचारलं.

“कुछ नहीं, माई. ये हवा खाता है.”

“हवा खास? मंग तू कसाले भाकर खाई ऱ्हायना? तू बी हवाच खाय!” आणि त्याच्या पुढ्यातली भाकरी त्यांनी खरोखर उचलली. तेलवाला कसनुसं हसला. शेवटी ठरलं ते असं. तो भोंगऱ्याच्या, म्हणजे होळीआधी भरणाऱ्या आदिवासींच्या बाजारांना सातपुड्यात चालला होता, धुळवडीला परतणार होता. तोवर हा सांडा आक्कांकडे राहील. तेलवाला परत येईल तेव्हा सांडा खाता-पिता दिसला, तर कायमचा आक्कांचा. मरायला टेकलेला दिसला, तर तेलाच्या कढईत. “मर जाएगा, माई,” असं सांगून तो गेला. जाताना अर्थातच भाकरी पुरी करून गेला.

आता घोळ घातला तो मी. मी मराठी चौथी पास, सगळ्या गल्लीत शिकलेली! आक्कांनी विचारलं, तर मी ऐटीत सांगितलं, “पाली, सरडे किडे खातात.” झालं! दुसऱ्या दिवसापासून ही माळकरी बाई ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणत परसात नाकतोड्यांच्या मागे धावू लागली. एक नाकतोडा धरायचा आणि दोनदा कानाला हात लावायचा. सांड्याने नाकतोड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग मी म्हटलं, दूध. मग माझ्या नवऱ्याने स्टेशनातल्या गार्डाकडून अंडं आणलं. आक्कांनी नाकाला पदर लावून ते स्वतः फोडलं. सांड्याने डोळे मिटून घेतले.

पाहुणचारात मात्र काही कमी नव्हतं. फाल्गुनातलं खानदेशचं ऊन! आल्या पाहुण्याला गारवा द्यायचा, ही आमच्याकडची रीत. आक्कांनी माठाच्या ओट्याखाली ओलं गोणपाट अंथरून त्यावर त्याला ठेवला होता. दिवसातून चार वेळा पाणी शिंपडत. तिकडे सांडा काळा पडत चाललेला. सकाळ-संध्याकाळ भिंतीवरून हाक यायची, “पाव्हना जेवना नही वं!” त्या आवाजात हळूहळू रड मिसळायला लागली. पाचव्या दिवशी आक्काही जेवल्या नाहीत. मी खूप विनवलं, तर म्हणाल्या, “मन्हा दारमा तो उपाशी मरी ऱ्हायना, मी कसा घास गिळू?” मला तर माझी चौथी जाळून टाकावीशी वाटली.

होळीच्या दिवशी सकाळी सांडा हलेना. बोट लावलं तर थंडगार. आक्कांनी त्याला सुपात ठेवलं आणि धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर नेलं. खाली कुत्र्याने ओढू नये म्हणून तिथे ठेवायचा आणि कुदळ मिळाली की परसात पुरायचा, असा बेत. धाब्यावर त्यांची घरची मिरची वाळत होती आणि शेजारी धुळवडीच्या रंगासाठी पळसाची फुलं पसरलेली होती. सूप खाली ठेवून आक्का कुदळ आणायला गेल्या. कुदळ सापडेना. मीही शोधायला लागले. ती सापडेपर्यंत चांगला तासभर गेला.

परत वर येऊन बघतो तर सूप रिकामं! आक्का म्हणाल्या, “घार लई गई.” तेवढ्यात मला दिसला. फुलांच्या मधोमध, तापलेल्या मातीवर पोट टेकून सांडा बसला होता. काळा रंग जाऊन वाळूसारखा पिवळसर झालेला. आणि तोंडात पळसाची पाकळी. शांतपणे चावत होता. एक संपली, दुसरी घेतली.

आक्कांच्या हातातली कुदळ तिथेच पडली. “अरे देवा! हाऊ ते मन्हाच पंगतना शे! आनी मी माळकरी बाई, येन्हासाठे नाकतोडा धरत फिरनू!” मग माझ्याकडे वळून, “काय वं चौथी पास?” आम्ही दोघी धाब्यावर बसून पोट धरधरून हसलो. हसता हसता आक्का डोळे पुसायला लागल्या, हाताला मिरची होती, आणि मग खरोखरच ढसाढसा रडल्या. जरा वेळाने म्हणाल्या, “मी येले गारवा देत बसनू. येले पहिले ऊन लागस, मंग घास.”

धुळवडीला तेलवाला आला. सांडा आक्कांच्या ताकाने धुतलेल्या तळहातावरून हरभऱ्याचा पाला खात होता, तोंड रंगाने केशरी. तेलवाला टोपली खाली ठेवून त्याच्यासमोर उकिडवा बसला. “माई, बाप-दादा से यही धंधा है,” तो म्हणाला, “इसे खाते हुए आज पहली बार देखा.” धंदा काही त्याने सोडला नाही. आक्कांनी त्याला पोटभर शिव्या दिल्या, आणि पोटभर पुरणाच्या पोळ्याही.

सांडा आणखी तीन वर्षं जगला. थंडीत वाळूच्या मडक्यात निजून राहायचा, ऊन कडकलं की वर यायचा. चौथ्या उन्हाळ्यात आला नाही. आक्का तेव्हा दोन दिवस कुणालाच ‘जेवना का’ म्हणाल्या नाहीत.

बऱ्याच वर्षांनी पौषात आक्कांनी अंथरूण धरलं. अन्न तोंडाला लावेनात. गल्लीतल्या बायका पेज आणत, शिरा आणत, तोंडाशी चमचा नेत. आक्का डोळे मिटून घेत. मी पण वाटी घेऊन गेले होते. ती अंधारी खोली, गार भिंती, आणि मिटलेले ते डोळे. हे आपण कुठेतरी पाहिलंय, असं मला वाटलं, आणि एकदम आठवलं. मी वाटी खाली ठेवली. नवऱ्याला आणि दोन पोर्टरांना बोलावलं आणि आक्कांना खाटेसकट धाब्यावर चढवलं. बायका मला वेडी म्हणाल्या. म्हणू देत.

तासाभराने ऊन अंगात मुरलं. आक्कांनी डोळे उघडले, बाजूला वाळत घातलेल्या मिरच्या पाहिल्या, मला पाहिलं.

“माले बी सांडा करं का वं?” म्हणाल्या, आणि हसल्या. मग दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी माझ्या हातून खाल्ली, सावकाश, चवीने.

पुढचे चार दिवस आम्ही त्यांना रोज उन्हात नेत होतो. पाचव्या दिवशी दुपारी, धाब्यावरच, त्या गेल्या. त्याआधी थोडा वेळ माझा हात धरून विचारलं होतं, “तू जेवनी का?”

मी जेवले नव्हते. पण हो म्हणाले.