राणीचं ‘आम्ही’

गेल्या वर्षी परळच्या एका स्टुडिओत मी एका राणीला आवाज देत होते. युरोपातल्या छोट्याशा देशाची राणी. महायुद्धात शत्रूचं सैन्य देशात शिरलं, तेव्हा ती बोटीने समुद्रापलीकडच्या मित्रदेशात गेली. मुलीला आणि नातींना तिने आणखी दूर, महासागरापार पाठवलं आणि स्वतः परक्या घरात एकटी राहिली. तिथून रेडिओवर आपल्या लोकांशी बोलायची. माहितीपट परदेशी, काही प्रसंग नटांकडून करून घेतलेले, मराठी डबिंग आमचं. त्यात राणीचं खरं ध्वनिमुद्रणही होतं. बारीक, म्हातारा, संतापलेला आवाज. तो ऐकला आणि ही बाई मला कळली, असं वाटलं.

मराठी संहितेत मात्र ती दरबारात बसल्यासारखी बोलत होती. ‘आम्ही प्रस्थान करीत आहोत.’ ‘आम्हांस एकांत हवा आहे.’ तेवढं मी निमूट केलं. मग नातींचा फोटो येतो तो प्रसंग आला. पडद्यावरची अभिनेत्री चष्मा पुसून पुन्हा फोटो बघते. माझ्यापुढच्या कागदावर वाक्य होतं, ‘आमच्या नातींची वाढ उत्तम होत आहे.’

“अरे, हा काय डॉक्टरचा रिपोर्ट आहे?” मी दिग्दर्शकाला म्हटलं. तो माझ्या मुलाच्या वयाचा. “आजी असं बोलते का?”

“ताई, ती राणी आहे. लोकांना भारदस्त लागतं.”

“फोटो बघतानासुद्धा?”

“ओठ जुळतायत ना? मग झालं.”

तरी मी हट्टाने एक टेक माझा दिला. हळू आवाजात, “किती मोठ्या झाल्या गं पोरी.” काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट म्हणाला, “हाच ठेवू या.” दिग्दर्शक म्हणाला, “चॅनेलला विचारतो.”

चॅनेलचं उत्तर दोन दिवसांनी आलं. राणी चाळीतल्या बाईसारखी वाटते, बदला.

माझा जन्म गिरगावातल्या चाळीतला. डोकं असं फिरलं की मी दिग्दर्शकाला फोनवरच सांगितलं, “ते वाक्य मी पुन्हा करणार नाही.” तो म्हणाला, “ताई, एका वाक्यासाठी कशाला ताणता?” एका वाक्यासाठीच तर ताणत होते. पण ते त्याला कसं समजावणार?

त्यांनी ते वाक्य दुसऱ्या एकीकडून करून घेतलं. माहितीपट लागला तेव्हा नवरा शेजारी बसला होता. राणी रेडिओवर माझ्या आवाजात बोलली, जिना माझ्या आवाजात चढली आणि फोटो हातात घेतल्यावर भलत्याच तरण्या, घोगऱ्या आवाजात नातींची वाढ सांगू लागली.

“हिला मध्येच सर्दी झाली का गं?” नवऱ्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी दादरच्या नणंदेचा फोन आला. “वहिनी, तो फोटोचा सीन! काय रुबाब होता आवाजात!”

मी सांगायला तोंड उघडलं होतं. पण ती पुढच्याच वाक्याला हिंदमाताच्या साड्यांच्या सेलवर पोचली होती.