माझं बाळंतपण करणाऱ्या दोघी

आमची माय माझ्याशी बोलत नव्हती. लेकीच्या बारशापासून नव्हती. मी अमेरिकेतून फोन लावला की तलवाड्यात भावजय उचलायची, "माय, ताईचा फोन हाय," म्हणून ओरडायची, आणि लांबून मायचा आवाज यायचा, "पोरगी बरी हाय का इचार." बरी आहे म्हटलं की संपलं. म्हणून यंदा दसरा होताच सुट्टी काढून आम्ही नवरा-बायको, लेकीला घेऊन गावी निघालो. माय माझ्याशी बोलते का, माझ्या हातचं तोंडात घालते का, ते मला एकदा समोरासमोर बघायचं होतं.

आणि मी शहाणीनं बरोबर कुणाला घ्यावं? ज्यांच्यापायी हे सगळं झालं असं गाव म्हणत होतं, त्या दोघींनाच.

या दोघी म्हणजे धर्मप्रचार करत फिरणाऱ्या पोरी. विशी-एकविशीच्या. एक उंच, एक ठेंगणी. पायघोळ झगे, छातीवर नावाची काळी पट्टी. त्यांच्या पंथातली तरणी पोरं-पोरी घरदार सोडून परक्या गावात राहतात आणि दारोदार देवाचं सांगतात. आमची बेल वाजवली तेव्हा मी पोटुशी, दिवस भरत आलेले, नवरा कामावर, आणि नवा पलंग दारातच पडलेला. "तुमच्याशी देवाबद्दल बोलू का?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "देवाचं मागनं बघू, आधी हा पलंग माडीवर चढवा." चढवला की त्यांनी! झगे कंबरेला खोचून, घामाघूम होऊन. मग मी त्यांना पिठलं-भाकरी घातली. ठेंगणीनं मिरचीचा ठेचा गोड चटणी समजून चमचाभर खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी काढत 'छान' म्हणाली. तिथंच जीव जडला.

मायला व्हिसा मिळाला नाही. डिंक, बाळंतशेपा, सगळं बांधून बसली होती बिचारी. लेक झाली तेव्हा माझं म्हणावं असं तिथं कुणी नव्हतं. या दोघी आल्या. मी खुर्चीत बसून सांगायची, आणि ठेंगणी न्हाणीघरात फरशीवर पाय लांब करून, लेकीला पायांवर पालथी घेऊन तेल लावायची, न्हाऊ घालायची. ओव्याची धुरी दिली तर घरातला आगीचा भोंगा बोंबलायला लागला. बाहेर हे एवढं बर्फ, आणि उंच पोरगी खिडक्या सताड उघडून पुठ्ठ्यानं धूर घालवतेय! अशा माणसांना परकं कसं म्हणायचं, सांगा. आम्ही काही त्यांच्या धर्मात गेलो नाही. त्यांनी एकदा पुस्तक दिलं, मी ते देवाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलं, आणि दोघींनी पुन्हा विषय काढला नाही.

मग बारसं. घर लहान, म्हणून त्यांच्या चर्चचा मागचा हॉल मिळाला. पाळणा बांधला, आत्या म्हणून या दोघीच उभ्या राहिल्या, कानात कुर्र केलं आणि बायकांनी पाठीत धपाटे घातले तेव्हा 'आमचं काय चुकलं' म्हणून एकमेकींकडं बघत राहिल्या. हसून हसून मुरकुंडी वळली आमची. नवऱ्यानं फोटो पाठवला. त्यात पाळण्यामागच्या भिंतीवर येशूची तसबीर. झालं! तलवाड्यात बोभाटा, लेक बाटली म्हणून. त्या दिवसापासून माय गप्प.

यंदा दोघींचा प्रचाराचा काळ संपला होता. भारत बघायला आल्या होत्या, 'तुमच्या आईला भेटायचंय' म्हणाल्या. नाही कसं म्हणायचं?

संभाजीनगरहून गाडी घेतली. नवऱ्याला तिकडच्या गाडीची सवय, त्यामुळं वळायचं म्हटलं की हा वायपर चालू करायचा. कोरडं ठणठणीत ऊन आणि आमच्या काचेवर वायपर नाचतोय. गोदावरीच्या पुलापलीकडं दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, बायका ओटीत वेचत होत्या. समोरून ऊसतोडीचे ट्रॅक्टर येत होते. वर पेटी, भांडी, गोधड्या, एक शेळी, आणि सगळ्यांत वर पोरं. उंच पोरगी म्हणाली, "हे सगळे कुठं चाललेत?" म्हटलं, ऊस तोडायला, उन्हाळ्यापर्यंत. ती बराच वेळ बघत राहिली. "मी निघाले तेव्हा आईनं अशीच सगळी गाठोडी बांधून दिली होती," म्हणाली. "परत येईपर्यंत रोज माझं ताट मांडायची."

गेवराई आली. इथून तलवाड्याला वळायचं. "सरळ घ्या," मी म्हटलं. नवऱ्यानं वायपर बंद केला आणि सरळ घेतली. थेट पालीला, नणंदेकडं. धरणाच्या भिंतीवर लेकीला फिरवलं, रात्री मुक्काम केला. सकाळी नणंद माझ्यावरच उखडली. "सातासमुद्रापार ऱ्हातीस अन् सख्ख्या मायला भेतीस? ऊठ, नीघ बघू!"

वाटेत मी दोघींना पढवत होते. डावा हात पुढं करायचा नाही. चपला बाहेर. वाढलेलं टाकायचं नाही. सगळं सांगितलं, आणि मुख्य तेच राहिलं. त्यांच्या पंथात चहा-कॉफी चालत नाही, हे माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की ध्यानातच आलं नाही. आमच्याकडं त्या दूधच प्यायच्या.

दारात भावजयीनं लेकीवरून, जावयावरून, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. माय आत चुलीपाशी होती. लेकीला बघितलं तशी उठली, तिला उराशी धरली, मुके घेतले. माझ्याकडं बघितलं नाही. आळीतल्या बायका जमल्याच होत्या. भावजयीनं चहा आणला. पहिला मान पाहुण्यांचा. उंच पोरीनं हात जोडले, हसून मान हलवली. ठेंगणीनंही तेच.

पाणी घ्या, जेवू नका, चालतं एक वेळ. पण दारचा चहा नाकारायचा म्हणजे आमच्याकडं उंबरा तोडल्यासारखं. एक म्हातारी म्हणाली, "आपल्या घरचं चालत न्हाई वाटतं त्यास्नी." आली का आता पंचाईत!

माय पुढं आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलली. "कावून पीत न्हाईत? इचार त्यास्नी."

विचारायची गरजच नव्हती. "माय, नेम हाय त्यांचा. देवासाठी सोडलाय. जल्मभर."

माय थबकली. "देवासाठी?"

"व्हय."

"मंग कुनी काही बोलायचं न्हाई," माय बायकांकडं वळून म्हणाली, जरा जोरातच. "ज्याचा नेम त्यानं पाळावा. दूध तापीव गं."

भावजय उठली ती पदर तोंडाला लावून. "ताई," मला म्हणाली, "मायनं बी सोडलाय चहा. तुमच्याकडं यायचा व्हिसा न्हाई झाला, तवापासनं. लेक अन् नातवंड उंबऱ्यात बघंन, तवाच पीन, असं देवीम्होरं बोलल्यात."

माझा विश्वास बसेना. आमची माय! जिचं सकाळी चहावाचून डोकं दुखतं, जी शेताला जाताना किटली नेते, ती!

"मंग बोलत का नव्हतीस माझ्याशी?" मी ओरडलेच. सगळ्यांसमोर, रडत रडत. "मला वाटलं, मी बाटले म्हणून…"

"तुझं बाटणं गेलं चुलीत!" मायही ओरडली. "माझ्या लेकीचं बाळंतपण परक्या पोरींनी केलं, अन् मी हितं शेळ्या राखत बसले. बारशाच्या फोटोत त्याच पोरी पाळण्यापाशी बघितल्या, मंग कोणत्या तोंडानं बोलू? तुझा आवाज आला की रडूच यायचं."

तिनं पदरानं डोळे पुसले. मग मायनं विचारलं, "न्हाऊ कुनी घातलं पोरीला?"

मी ठेंगणीकडं बोट केलं. माय तिच्यापुढं बसली, तिचे दोन्ही हात हातात घेऊन उलटेसुलटे बघितले, आणि तळव्यांवरून बोटं फिरवत राहिली. ठेंगणीला मराठी कळत नव्हती, पण ती रडत होती. मग मायनं ट्रंकेतून दोन लुगडी काढली. बाळंतपण करणारीचा मान असतो, तो दिल्याबिगर दारातून जाऊ देत नाहीत. दोघींच्या कपाळी कुंकू लावलं, पुढं केलेल्या झग्यात ओटी घातली. उंच पोरीनं मला डोळ्यांनी विचारलं, हे घ्यायचं का. म्हटलं, घे बाई, तुझंच आहे. या दोघींचे उपकार कसे फेडू, असं मी इतके दिवस म्हणत होते. मायनं माझ्या डोळ्यांदेखत वाट काढली होती, आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

पोरी दूध पीत होत्या. माय चुलीपासून बाजूला सरकली आणि मला म्हणाली, "बघत काय बसलीस? चहा ठेव माझा."

मी ठेवला. मायकडंच बघत होते, साखर किती टाकली कळलं नाही. मायनं बशीत ओतला, डोळे मिटून एक घोट घेतला, आणि तोंड वाकडं केलं.

"लई गोड झालाय," म्हणाली, आणि बशी पुन्हा पुढं केली.