न्हाणीतला बाप्तिस्मा

“ख्रिस्त मेला, पुरला, उठला. हे हाय ना त्यात? मग बाकी काय ते करू दे.” चर्चमध्ये काहीही नवीन आलं की मावशी तीन बोटं तळहातावर आपटून एवढंच विचारायच्या.

आणि आमच्याकडे नवीन काही आलं नाही असं वर्ष गेलं नाही. हार्मोनियम जाऊन गिटार आली, गायनाच्या पुस्तकाऐवजी भिंतीवर पडदा आला. तरुण मंडळी मिस्सात, म्हणजे रविवारच्या उपासनेत, टाळ्या वाजवायला लागली तेव्हा चार म्हातारे फादरांकडे तक्रार घेऊन गेले. मावशी गेल्या नाहीत. “डुलक्या काढन्यापेक्षा टाळ्या बऱ्या,” म्हणाल्या. स्वतः मात्र एकही वाजवली नाही. लॉकडाऊनमध्ये मिस्सा मोबाइलवर आली, तेव्हा तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवून, नीट लुगडं नेसून त्या समोर गुडघे टेकायच्या. मध्येच नेट गेलं की फादर तोंड उघडं ठेवून थांबायचे, आणि मावशीही हात जोडून त्यांच्यासाठी थांबायच्या.

निर्मळ गावात मावशींचं आणि माझं घर शेजारी, मध्ये त्यांची मोगऱ्याची वाडी. मी शाळेत शिकवायचे म्हणून त्या मला ‘टीचर’ म्हणत. पण तुम्हीही पाहिलं असेल, सगळं चालतं म्हणणाऱ्या माणसाचं घोडं एका ठिकाणी पेंड खातंच. मावशींचं खाल्लं ते बाप्तिस्म्यापाशी.

त्यांची एकुलती लेक ग्रेसी लग्न होऊन फुलपाड्याला गेली. जावई एका गाळ्यात भरणाऱ्या प्रार्थनामंडळातला. त्यांच्यात मूर्ती नाहीत, मेणबत्त्या नाहीत, आणि तान्ह्या मुलांना बाप्तिस्माही नाही. मूल मोठं होऊन आपल्या तोंडाने विश्वास कबूल करील तेव्हा द्यायचा. मूर्ती आणि मेणबत्त्यांचं मावशींनी मनावर घेतलं नाही. पण ग्रेसी बाळंतपणाला माहेरी आली, रूथ जन्मली, महिना झाला तरी पोर तशीच, म्हटल्यावर त्यांची झोप उडाली.

एका सकाळी ग्रेसी आत झोपली होती. मावशी न्हाणीत पाटावर पाय पसरून बसल्या होत्या, पायांवर नातीला आडवी घेऊन. मी कढीलिंब मागायला गेले होते. “टीचर, बरी आलीस. ती बादली धर,” म्हणाल्या. मी धरली. त्यांनी तांब्या भरला, पोरीच्या कपाळावर तीनदा पाणी ओतलं आणि कुजबुजल्या, “रूथ, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आनी पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते.” पोर ठणाणा रडली. मी कढीलिंब मागायला गेलेली बाई, पोरीच्या बाप्तिस्म्याची साक्षीदार, म्हणजे तिची धर्ममाता होऊन घरी आले.

पुढच्याच शनिवारी मावशींनी फादरांना जाऊन सांगितलं. आईबापांना न विचारता केलं म्हणून फादरांनी चांगलीच कानउघाडणी केली. “पन टीचर,” मावशी परत येऊन म्हणाल्या, “बाप्तिस्मा काय खोटा नाय बोलले.” त्या समाधानावर त्यांनी सतरा वर्षं काढली.

गेल्या वर्षी रूथ स्कूटीवरून आली आणि आनंदाने म्हणाली, “आजी, पुढच्या रविवारी माझा बाप्तिस्मा. तू यायचंच.” मावशींच्या हातातली मोगऱ्याची वेणी अर्धवट गुंफलेली तशीच राहिली. बाप्तिस्मा एकदाच, हे त्या दर रविवारी चर्चमध्ये म्हणत आलेल्या. बोलावं तर लेक तुटणार, गप्प बसावं तर स्वतःचाच विश्वास खोटा पडणार. त्यांनी मला हाक मारून बोलावलं आणि माझ्यादेखत नातीला सगळं सांगितलं.

रूथने स्कूटीची किल्ली खाली ठेवली. मग म्हणाली, “म्हणजे मी इतकी वर्षं कॅथलिक आहे?”

“तू ख्रिस्ताची हायेस. त्याच्या पुढचं मला ठावं नाय.”

“मग मी पाण्यात उतरू की नको?”

मावशींनी डोळे पुसले. “तवा मी तुला इचारलं नवतं, बाय. ती चूक झाली. आता तुझं तू ठरव.”

रूथने घरी जाऊन आईला सांगितलं. ग्रेसी रोज रात्री आईला फोन करायची. तो आठवडाभर आला नाही. मावशी फोन जवळ घेऊन बसायच्या आणि मला सांगायच्या, की रेंज बरोबर नाय.

रविवारी तरीही आम्ही रिक्षाने अर्नाळ्याला गेलो. मंडळाने एका रिसॉर्टचा पूल सकाळपुरता घेतला होता. दारावरच्या माणसाने मावशींचं लुगडं पाहून अडवलं, “आजी, पूल में कॉस्च्यूम कंपल्सरी है.”

“मी सत्तर वर्सांपूर्वीच भिजलेय,” म्हणत मावशी आत शिरल्या.

निळ्या घसरगुंडीखाली तरुण पास्टर कमरेइतक्या पाण्यात उभे होते. ग्रेसीने आम्हाला पाहिलं आणि तोंड फिरवलं. रूथ उतरली. पास्टर म्हणाले, “पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने,” आणि मावशी एवढ्या मोठ्याने “आमेन” म्हणाल्या की गिटारवाला दचकला.

रूथ कुडकुडत वर आली, तोवर मावशी टॉवेल घेऊन कडेला पोचल्या होत्या. ग्रेसीही टॉवेल घेऊन आली होती. दोघी एकमेकींसमोर थांबल्या. शेवटी ग्रेसी म्हणाली, “मम्मी, डोकं नीट पूस तिचं. लगेच सर्दी होते तिला.”

त्या रात्री फोन आला. तासभर चालला, असं मावशींनी मला दुसऱ्या दिवशी तीनदा सांगितलं.

यंदा ईस्टरनंतर मावशी झोपेतच गेल्या. आमच्या चर्चची पायरी कधी न चढलेला जावई पूर्ण मिस्साला उभा राहिला. कबरीपाशी फादरांनी त्याला विचारलं, “तुम्ही प्रार्थना करता का?” त्याने डोळे मिटून, हात वर करून सुरू केली ती काही संपेना. ऊन तापलं होतं, फादर पवित्र पाणी हातात घेऊन घामाघूम उभे होते. आता मावशी माझ्या बरगडीत कोपर खुपसून म्हणतील, “आवर म्हनावं त्याला, फादरांना चक्कर येल,” म्हणून मी सवयीने बाजूला वळले. बाजूला रूथ होती. तेव्हा मला रडू आलं.