मोरचुदाचा वास

सुनेनं गच्चीवर कुंडीतल्या द्राक्षाला मोरचूद-चुना फवारला अन् त्या वासानं आजबी माझे हातपाय गार पडले.

दुष्काळात गावच्या सोसायटीतून आणलेलं हेच विषारी औषध मी सकाळी दारच्या कुंडीतल्या वेलावर मारलं होतं. दुपारी बघतो तर घड गायब, अन् धाकटी लेक शकू उंबऱ्यावर द्राक्षं चघळती. माझा जीवच उडाला. मिठाचं पाणी पाजून उलटी करवावी म्हणून धावलो, तर प्यायच्या पाण्याची घागर रिकामी. टँकर उद्या येणार.

"पाणी कुठं गेलं गं?" मी बायकोवर ओरडलो.

"त्याच पाण्यानं द्राक्षं चोळून धुतली. तुमचं औषध लेकरानं खावं का काय?"

"आबा, लई गोड हायती," शकू म्हणाली.

मीबी एक खाल्लं. जिला बघून सगळ्यात जास्त भ्यालो, त्या रिकाम्या घागरीनंच माझी लेक राखली होती.