जावयाच्या गाडीची चाकं

गाडीच्या चाकांतलं कोणाला कळत असेल तर प्लीज लगेच सांगा, माझी पार वाट लागलीय.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दाजींनी त्यांची नवी गाडी महिनाभर आम्हाला दिली. मुलुंडहून घाटकोपरला तिला रोज व्यायामासाठी न्यायचं होतं. आज पाच वाजता ते गाडी न्यायला येतायत.

आईने सकाळपासून एकच धोशा लावलाय, "जावयाची वस्तू आहे रे, आली तशीच परत गेली पाहिजे."

चाकांवर ब्रेकची काळी भुकटी इतकी चिकटली होती की शाम्पू, घासणी, कशालाच दाद देईना. शेवटी आईनेच बाथरूमचं ॲसिड काढून दिलं. "फरशीचे डाग निघतात, मग चाकाचे का नाही निघणार?"

मी शहाणा, चारही चाकांवर एकदमच ओतलं. डाग निघाले, चकाकीही निघाली. आता पांढरेफटक ओघळ पडलेत आणि ते काही केल्या जात नाहीयेत.

आई वॉकर धरून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभी आहे. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच इतका वेळ उभी राहिलीय. मघाशी ओरडून विचारलं, "झाली का रे स्वच्छ?"

मी म्हटलं, "झकास, आई!"

साडेचार वाजलेत. दाजींना मी सांगेन काहीतरी. आईला काय सांगू?