खाप्याचं जातं

शामला रेवतकर नागपूरच्या कॉलेजात फ्रेंच शिकवते म्हणजे नक्की काय करते, हे तिच्या गावात, खाप्यात, कुणालाच कधी कळलं नाही. तिचे वडील बाबाराव खापरखेड्याच्या वीज केंद्रात कारकून होते. ते शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिले, "पोरगी इंग्लिशची प्रोफेसर आहे." फ्रेंच म्हटलं की पुढे चार प्रश्न यायचे, आणि त्यांची उत्तरं बाबारावांकडे नसायची.

शामला दोन वर्षांची असताना आई गेली. बाबारावांची बहीण जयवंता बाविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली होती. तिनं पोरीला मांडीवर घेतलं, ते अगदी खरोखरच. पहाटे जयवंता दळायला बसायची, एक पाय लांब करून, आणि शामला त्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. खाली जात्याची घरघर, वर आत्याचा आवाज. शब्द काय होते, ते शामलाला आठवत नाही. पुढे अर्धं आयुष्य आपण याच शब्दांच्या मागे गावोगाव फिरणार आहोत, हे तेव्हा कुणी कानात सांगितलं असतं, तर ती जागी राहिली असती.

कॉलेजात तिनं फ्रेंच घेतलं ते हौसेनं नाही. दुसऱ्या विषयाला जागाच उरली नव्हती. पण भाषेवर जीव जडला. एम.ए. झाली, नोकरी लागली, लग्नाचं राहून गेलं. आणि अठ्ठ्याऐंशी साली सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात तिला एक वही सापडली.

वही सिस्टर क्लेमांस नावाच्या फ्रेंच जोगिणीची होती. शंभर वर्षांपूर्वी ही बाई कामठीला आजारी बायकांची शुश्रूषा करायची. कन्हानकाठच्या बायका जात्यावर जे गायच्या, ते तिनं कुणाकडून तरी समजून घेऊन उतरवलं होतं. एकेचाळीस ओव्या. पण सगळ्या फ्रेंचमध्ये. मूळ शब्द एकाही ओवीचा नाही. आपल्या आज्या-पणज्यांचं बोलणं, आणि वाचायला फ्रेंच यावी लागते! त्या दिवशी शामलानं मनाशी ठरवलं, या एकेचाळीस ओव्यांचे मूळ शब्द शोधायचे. तोच तिचा पीएच.डी.चा विषय झाला, आणि खरं सांगायचं तर तोच तिचा संसार.

त्र्याण्णव साली कॉलेजात प्रादेशिक वारशाचं दालन निघालं. प्राचार्य मधुसूदनरावांनी प्रत्येकाला गावाकडून काहीतरी आणायला सांगितलं. शामला रविवारी खाप्याला गेली.

"आत्या, जातं नेऊ का वं कॉलेजात? काचेत ठेवतील. खाली तुझं नाव लिहितील."

पीठ केव्हाच गिरणीवर जाऊ लागलं होतं, पण तुरीची डाळ जयवंता अजून घरीच भरडायची.

"तुले पायजे तं ने नं माय," ती म्हणाली.

तिनं जात्याच्या दोन्ही तळ्या धुतल्या, हळदकुंकू वाहिलं, सासरी निघालेल्या लेकीला करतात तसं सगळं केलं. लाकडी खुंटा तेवढा काढून ठेवला. शामलाला वाटलं, राहिला असेल चुकून.

जातं काचेत कधीच गेलं नाही. काच आली नाही. दालन दोन वर्षांत बंद पडलं, आणि कुणीतरी जातं पोर्चमध्ये सिमेंटात बसवून त्यावर क्रोटनची कुंडी ठेवली. शामला रोज त्याच्या बाजूनं वर्गावर जायची.

शहाण्णव साली ती टेपरेकॉर्डर घेऊन निघाली. पारशिवनी, सावनेर, कामठी, सगळीकडच्या म्हाताऱ्या तिनं धुंडाळल्या. कुणी हसून वाटेला लावलं, कुणी बसवून चहा पाजला. एकोणीस ओव्या हाती लागल्या. शेवटी ती खाप्याला आली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते काही उगीच नाही.

तिनं आत्याला सतरंजीवर बसवलं, मशीन पुढं ठेवलं. जयवंता नवं लुगडं नेसून, अवघडून बसली होती. जरा वेळानं तिचा उजवा हात आपोआप सतरंजीवर गोल गोल फिरू लागला. तोंड उघडलं, आणि मशीनमध्ये खरखर आली.

"आत्या, हात नको ना हलवू," शामला म्हणाली, आणि तिनं तो हात धरून आत्याच्या मांडीवर नीट ठेवून दिला. "आवाज येऊन राहिला त्याचा."

जयवंतानं हात मांडीवरच राहू दिला. मशीनच्या चकत्या फिरत राहिल्या. "नाही आठवत वं," ती म्हणाली.

प्रबंधाच्या एका पानाखाली शामलानं बारीक अक्षरात तळटीप लिहिली: 'खापा. निवेदक स्त्री, वय ५९. एकही ओवी स्मरणात नाही.' पीएच.डी. मिळाली, सत्कार झाला. आत्या पहिल्या रांगेत बसली होती आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होती.

निवृत्त झाल्यावर वर्षभरानं खाप्याहून वंदनाचा फोन आला. वंदना म्हणजे शामलाच्या चुलतभावाची बायको. बाबाराव गेल्यापासून म्हातारीला तीच सांभाळायची.

"ताई, आत्याबाईचं डोकं आता ठिकाणावर राहत नाही. दिवसभर गंजावरचं झाकण फिरवत बसते, अन् काहीबाही म्हणून राहिली. पहा बरं येऊन."

शामला पोचली तेव्हा शहाऐंशी वर्षांची जयवंता बाजेवर पाय लांब करून बसली होती. पुढ्यात पातेल्यावरचं अॅल्युमिनियमचं झाकण उलटं पडलं होतं. ती ते गोल गोल फिरवत होती आणि गात होती. शामला दारातच थबकली. तिसऱ्या शब्दाला तिनं ओळखलं. वहीतली सत्ताविसावी ओवी! पस्तीस वर्षं जी तिला फक्त फ्रेंचमध्ये पाठ होती, ती आत्याच्या तोंडून, आपल्या बोलीत, अशी सरळ येत होती. शामला पळत आत गेली, पिशवीतला कागद काढला, ओवी उतरवली. मग पुढच्या ओवीची वाट पाहत बसली. पण झाकण हातातून निसटून खाली पडलं. आत्यानं ते पुन्हा उचललंच नाही.

तेव्हा शामलाला सगळं कळलं. आत्याला सगळं येत होतं. आपणच आधी तिचं जातं नेलं, आणि मग तिचा हात धरून खाली ठेवला. ती बाजेच्या कडेला बसून लहान पोरीसारखी रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं कॉलेजात अर्ज दिला. जातं संस्थेची मालमत्ता होतं, म्हणून अर्ज समितीपुढं गेला. समितीची बैठक दोन महिन्यांनी भरली. ज्या दगडाकडं तीस वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्यावर सात माणसांनी चर्चा केली. अखेर गवंड्यानं छिन्नीनं सिमेंट फोडलं, आणि जातं छोट्या टेम्पोतून खाप्याला आलं.

तोवर जयवंता कुणालाच ओळखेनाशी झाली होती. वंदनानं आत्याच्या ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेला खुंटा काढला. तीस वर्षं तो तेल लावून जपलेला होता. शामला, वंदना आणि वंदनाचा नवरा, तिघांनी मिळून म्हातारीला जात्यापुढं टेकवून बसवलं. तिनं खुंटा चाचपला. एक पाय हळूहळू लांब केला. कोरडं जातं एकदा फिरलं, दोनदा फिरलं.

"पयली माही ओवी, शामा मांडीवरी निजे,
दयता दयता बाई, मांडी हलू नाही दे."

वहीत ही ओवी नव्हती. कुणाच्याच वहीत नव्हती.

"आत्या, मीच शामा वं," शामला म्हणाली.

जयवंतानं तिच्याकडं परक्या बाईकडं पाहावं तसं पाहिलं. "हळू बोल बाई," ती म्हणाली. "उठन नं पोरगी."

अकरा दिवसांनी ती गेली. पुढची एकही ओवी तिनं म्हटली नाही.

शामलाचं पुस्तक यंदा निघालं. डाव्या पानावर फ्रेंच, उजव्या पानावर मूळ ओवी. एकवीस ओव्यांची उजवी पानं कोरी आहेत. प्रकाशक म्हणाला, फ्रेंचवरून तुम्हीच मराठी करून टाका ना मॅडम, कोणाला कळणार आहे? तिनं ऐकलं नाही. शेवटी एक बेचाळिसावी ओवी आहे, तिचं डावं पान कोरं आहे. पस्तीस वर्षं फ्रेंच शिकवलेल्या बाईला त्या दोन ओळींचं फ्रेंच काही केल्या करवलं नाही.

त्या पानाखाली बारीक अक्षरात तळटीप आहे: 'खापा. जयवंता रेवतकर. १९९६ साली हिला सर्व ओव्या येत होत्या. हात मी थांबवला.'