दिवेलागणीची भूपाळी

आईचा ट्रान्झिस्टर बंद पडला आणि आठवड्याच्या आत तिने एकाच दिवशी दोनदा स्वयंपाक केला. मी ऑफिसातून आले तर ओट्यावर दोन कुकर, दोन्ही भातानं भरलेले, आणि ती तिसऱ्यासाठी तांदूळ निवडत बसलेली. मी विचारलं तर म्हणाली, आज कोणी जेवलंच नाही. तिच्या पुढ्यातलं उष्टं ताट मी उचललं.

घरात आम्ही दोघीच. वडील इथेच, हिंदी मुलखातल्या बालाघाटला सरकारी नोकरीत होते, इथेच गेले. मी लग्न केलं नाही, पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात चिकटले. दादा नागपूरला. सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत आई घरात एकटी असते, आणि दिवाळीपासून दादाने एकच धोशा लावला होता: तिला एकटं ठेवू नकोस, मी घेऊन जातो. आईला जायचं नव्हतं. तिकडे चौथ्या मजल्यावर तिला स्वयंपाकघरात कोणी उभंही करणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मलाही होतं. म्हणून मी दादाशी भांडत होते, आणि भांडायला मला काहीतरी कारण हवं होतं. ते मी शोधून काढलं. दोष आईचा नाही, बंद पडलेल्या रेडिओचा.

हे अगदीच ओढूनताणून नव्हतं. आमच्या घरातलं घड्याळ बैठकीत, पाहुण्यांसाठी. घर चालायचं ते रेडिओवर. पहाटेची भक्तिगीतं लागली की आई दारात सडा घालायची. बातम्या सुरू झाल्या की चहा, संपल्या की आमची शाळेला रवानगी. दुपारी बायकांचा कार्यक्रम लागला की ती ताट वाढून घ्यायची, शेतकऱ्यांचा लागला की देवाजवळ दिवा. लहानपणी मला वाटायचं, नागपूर केंद्रावरून बोलणाऱ्या बाईला आमच्या घरी काय चाललंय ते दिसतं. आता रेडिओच नाही, तर वेळ चुकणारच. रेडिओ आणला की वेळ जागेवर येईल. हा हिशोब मी मनात इतक्यांदा केला की तो मला खरा वाटू लागला.

बस स्टँडजवळच्या मेकॅनिकने ट्रान्झिस्टर उघडला, आत पाहिलं आणि तसाच बंद केला. याचा माल येत नाही म्हणाला. मग दुकानं पालथी घातली. पळसाला पानं तीन, सगळीकडे तेच, रंगीत दिवे लुकलुकणारे डबे, लग्नाच्या वरातीत शोभतील असे. एक दुकानदार मला म्हणाला, "मॅडम, रेडिओ अब सुनता कौन है?" मी म्हटलं, हमारे घर में सुनते हैं, और पकाते भी उसी पे हैं. त्याला काही कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं.

ऑफिसातल्या एकीने सांगितलं की आता रेडिओ इंटरनेटवर येतो, नागपूर शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं लागतं. मग जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर माझं पाहणं सुरू झालं. लाकडी पेटीतले परदेशी रेडिओ इतके देखणे की किंमत पाहून हात जोडावेत. बोललेलं ऐकून गाणी लावणारं स्वस्तातलं यंत्र त्याच मैत्रिणीकडे होतं, म्हणून आईला तिच्या घरी घेऊन गेले. आई त्याच्यासमोर पदर सावरून बसली आणि म्हणाली, "नागपूर लाव वं बाई." यंत्राने हिंदीत नागपूर रस्त्याने किती लांब आहे ते सांगितलं. आई हसली, मीही हसले. घरी येताना रिक्षात तिने मला विचारलं, ती बाई कोण होती आणि आपण तिच्याकडे काहून गेलतो.

मी त्याच रात्री इंटरनेटवर चालणारा एक साधा रेडिओ मागवला. काळं प्लास्टिक, दोन गोल बटणं, एक चिंचोळी काच. घेतलेल्यांनी लिहिलं होतं की आवाज पत्र्याच्या डब्यातून येतो. दुधाची तहान ताकावर, पण माझ्या अटी दोनच होत्या: कणकेच्या हाताने फिरवता यावा, आणि मराठी बोलावा. ते मराठी कुठून येतंय, हे पाहायचं मला सुचलं नाही.

ओट्यावर फोडणीपासून लांब त्याला जागा केली. बटण खटक्यांवर फिरायचं. पहिल्या खटक्यावर नागपूर बसवलं. दुसऱ्यावर काय ठेवावं म्हणून शोधत बसले, तेव्हा एक मराठी स्टेशन सापडलं. इथे भाजीवाल्यापासून साहेबापर्यंत सगळं हिंदीत चालतं. दादाची मुलगी लहानपणापासून सुट्टीत इथे येते आणि आजीला हिंदीतच उत्तरं देते. मराठी म्हणजे आमचं स्वयंपाकघर आणि ओळखीची चार घरं. त्यामुळे कुठूनही मराठी कानावर आलं की आम्ही हुरळतो. सुट्टीच्या दुपारी ते स्टेशन बराच वेळ ऐकलं. कोणी बोलत नव्हतं, एकामागून एक जुनी गाणी, मध्ये एक जाहिरात नाही. लगेच दुसऱ्या खटक्यावर बसवलं आणि स्वतःवर खूश झाले.

मग बरे दिवस आले. मी घरी यायची तेव्हा दिवा लागलेला असायचा, भात एकच असायचा, तोही बेताचा. मी दादाला फोन करून ऐटीत सांगितलं. तो म्हणाला, "बघ बाई, तुझं तू बघ." मी जिंकल्यासारखी फोन ठेवला.

तरी एका रविवारी वीज गेली, रेडिओ थांबला, आणि आई लाटणं हातात घेऊन तशीच उभी राहिली. पोळी अर्धी लाटलेली. वीज येईपर्यंत ती हलली नाही. मी म्हटलं, दमलीस का? ती म्हणाली, हौ. मी ते उत्तर घेतलं.

थंडीतल्या एका दुपारी तिचा ऑफिसात फोन आला. नागपूर बोलत नाही म्हणाली. आवाज बारीक झालेला. मी कामात होते. म्हटलं, नेट गेलं असेल, येईल. थोड्या वेळाने पुन्हा फोन. "आता मी काय करू वं?" मला वाटलं ती रेडिओचं विचारते आहे. मी सांगितलं, बटण एक खटका पुढे कर, तिकडे लागतं का पाहा. तिने केलं. नेट आलेलं असावं, फोनमध्ये मला गाणं ऐकू आलं.

संध्याकाळी रिक्षातून उतरले तेव्हा सूर्य बुडत होता. आमच्या फाटकासमोरची जमीन ओली होती. ताजा सडा, त्यावर रांगोळी, सरळ रेघांची, मधोमध हळदकुंकू. तिन्हीसांजेला दारात केर काढू नये, पाणी टाकू नये, असं मला बजावून वाढवणारी बाई हीच. समोरची शेजारीण तिच्या ओसरीवर हाताची घडी घालून उभी होती. तिने मला पाहिलं आणि आत निघून गेली.

घरात भूपाळी लागली होती. आईने त्या थंडीत डोक्यावरून गार पाण्याने आंघोळ केली होती, केसांतून पाणी गळत होतं, ओठ निळसर पडले होते. तव्यावर पोळी, शेजारी माझा डबा भरून झाकलेला. खांद्यावर पर्स घेऊन मी दारात उभी, आणि ती मान न वळवता म्हणाली, "किती उशीर वं उठाले. जाय, आंघोळ कर, ऑफिसले उशीर होईन."

भूपाळी संपली. एक पुरुष मोठ्या प्रसन्न आवाजात म्हणाला, सुप्रभात मंडळी, रात्रभर बर्फ पडलंय, गाड्या जपून चालवा.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि मला अक्षरशः हसू आलं. कुठल्यातरी अमेरिकेतली पहाट आमच्या ओट्यावर उतरली होती! म्हणजे चूक यंत्राची होती, माझी आई धड होती. मी गॅस बंद केला, तिचे केस पुसले, आणि हसत हसत सगळं सांगितलं. ते लोक पृथ्वीच्या पलीकडे राहतात, त्यांची सकाळ तेव्हा आपली संध्याकाळ. बटण मागे फिरवून नागपूर लावलं. शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालू होता, कोणी धानावरच्या किडीबद्दल बोलत होतं. ऐक, म्हटलं. ते पाहा खिडकीबाहेर, सूर्य बुडतोय.

तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"त्यात काय समजते," ती म्हणाली. "लालच तर आहे."

माझं हसू तोंडातच राहिलं. ती पाटावर बसली आणि पदराने हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी.

"मले कवापासूनच नाई समजत वं," ती म्हणाली. "लय दिवस झाले. रेडिओ सांगे, तसं मी करो. तो बंद पडला तवा मी भिऊन गेलती." मग माझा हात धरला. तिची बोटं बर्फगार होती. "दादाले नको सांगू. तो मले घेऊन जाईन."

मी इतकी घाबरले होते की मला तिला जवळही घेता आलं नाही. नाही सांगत, एवढंच म्हटलं. रात्री दादाचा फोन आला. आई समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी सांगितलं, सगळं ठीक आहे.

सकाळी मी रेडिओवरचं ते दुसरं स्टेशन पुसून टाकलं. दुपारचं जेवण ताटात वाढून झाकून ठेवलं. सिलिंडरचा रेग्युलेटर काढला, कपड्यात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला. आई ओट्याशी उभी राहून पाहत होती. मी चपला घातल्या, दार ओढलं, कडी घातली आणि कुलूप लावलं.

"बाहेरून काहून लावलं वं?" आई आतून म्हणाली. आवाज दाराच्या अगदी जवळून आला, म्हणजे ती माझ्या मागोमाग आली होती.

आत नागपूरच्या बातम्या सुरू झाल्या होत्या. मी किल्ली पर्समध्ये टाकली. रिक्षावाला थांबला होता, मी जाऊन बसले.